आभाळाचं की हाताचं

आमच्या लालबागच्या चाळीत आगोटीची तयारी शिमग्यापासून सुरू व्हायची. आगोट म्हणजे पावसाळ्याचं तोंड. त्याच्या आत तांदूळ, मसाला, कोकमं आणि सुकी मासळी घरात यायला हवी, कारण एकदा पाऊस लागला की होड्या दर्यात जात नाहीत आणि ओली मासळी दृष्टीस पडत नाही. आम्ही सगळे कोकणातले, गिरणीत लागलेले. सुक्या बोंबलांशिवाय पावसाळा कसा काढायचा, हे आमच्या बायकांना ठाऊकच नव्हतं.

ही मासळी वरळी कोळीवाड्यातली एक कोळीण आणायची. सगळी चाळ तिला मावशी म्हणायची. एका साली आमच्या चाळीनं तिला लबाड ठरवलं आणि तिचं चाळीत येणं बंद झालं. ती लबाड नव्हती. हे चाळीत फक्त मला माहीत होतं, आणि मी ते सांगितलं नाही. आता सांगतो आहे.

आधी आमची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. शिमग्याच्या सुमाराला मावशी चाळीत यायची आणि प्रत्येक घर तिला शब्द द्यायचं, इतके बोंबील, इतका जवळा, थोडे सोडे. शब्दाबरोबर थोडे पैसे आगाऊ. त्या पैशांवर ती होड्यांवरचा ओला माल उचलायची, सुकवायची आणि वैशाखात टोपल्या घेऊन यायची. कधी माल कमी भरायचा, कधी खराब निघायचा. तेव्हा एकच प्रश्न विचारला जायचा. हे आभाळाचं की हाताचं?

आभाळाचं म्हणजे वादळ झालं, होड्या अडकल्या, मासळीच लागली नाही. मग चाळ असेल तो माल वाटून घ्यायची आणि राहिलेल्याचं नाव काढायची नाही. हाताचं म्हणजे निष्काळजीपणा, कच्चं सुकवलेलं, जुनं नव्यात मिसळलेलं. मग मावशीनं पदरचं घालून शब्द पुरा करायचा. निवाडा तळमजल्यावरच्या काकी करायच्या. त्या मुंबईत एकट्यानं राहणाऱ्या कामगारांसाठी खानावळ चालवत आणि सगळ्यात मोठी टोपली त्यांचीच असे. कागद कुठेच नव्हता. ही रीत मावशीच्या सासूच्या वेळेपासून चालत आलेली, एवढंच आम्ही ऐकून होतो.

संप लागला त्या साली कुणीच शब्द दिला नाही. द्यायला होतं काय? पुरुषमाणसं दिवसभर गॅलरीत बसून असायची. तरी वैशाखात मावशी टोपल्या घेऊन आली. काकी जिन्याशी उभ्या राहून म्हणाल्या, "गो, आमच्याकडे यंदा काय एक नाय. परत ने."

मावशीनं टोपली खाली ठेवली, पदरानं गळा पुसला आणि पायरीवर बसली. "गिरणी बंद पडली ती तुमच्या हातानं का?" तिनं विचारलं.

एक म्हातारे साचेवाले, मागावर काम केलेले, म्हणाले, "हात तर वर केले होते आम्ही. सभेत."

माणसं हसली. कित्येक दिवसांनी हसली असतील. मावशीही हसली. म्हणाली, "वर केलेला हात आभाळात गेला. मंग हे आभाळाचंच हाय. घ्या वाटून."

त्या पावसाळ्यात आमच्या चाळीत ज्या घरी भाजी शिजत नव्हती त्या घरीही बोंबलाचं कालवण होतं. तिचे पैसे पुढे कोणी दिले, कोणी दिले नाहीत. तिनं विचारलं नाही.

संप संपला असं कुणी कधी म्हटलं नाही. तो विरत गेला. काही गिरण्या थोड्याफार सुरू झाल्या, आमची झाली नाही. मी विणकाम खात्यात होतो, दुसरं काही येत नव्हतं. माझी बायको काकींच्या हाताखाली पोळ्या लाटू लागली. मी कधी हमाली केली, कधी एका दुकानात राखणीला बसलो. शेवटी बायकोच म्हणाली, "अहो, मावशीला माणूस हवाय. विचारून बघा. घरी बसून तुमचं तोंड उतरलेलं मला बघवत नाही."

प्रभादेवीवरून चालत मी कोळीवाड्यात गेलो. घरामागे, दर्याच्या अंगाला, मावशीच्या वलांड्या होत्या. बांबू रोवून त्यांवर आडव्या दोऱ्या ताणलेल्या, कपडे वाळत घालावेत तसे बोंबील त्यांवर टांगायचे. तिनं पाटीभर ओले बोंबील माझ्यापुढे ठेवले आणि दुसऱ्या कामाला लागली. मी एकेक बोंबील शेपटीला दोरा बांधून टांगत बसलो. गाठ आमची गिरणीतली, तुटलेला धागा जोडताना मारतात ती, बारीक आणि पक्की. तासाभरानं मावशी आली, बघितलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"गिरणवाल्या, काय करतोस?"

"टांगतोय."

"हे सूत नाय, मासळी हाय. गाठ कशाला मारतोस? लगीन लावतोस का?" मग तिनं दोन बोंबील घेतले, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवला आणि जोडी दोरीवर टाकली. हात हलला तेवढ्यात झालं. "वारा लागला पायजे चारी बाजूंनी. तुझी गाठ सोडवायला आता माझी सून बसवू का?"

शेजारणी हसल्या. त्या दिवसापासून कोळीवाड्यात मला गाठवाला म्हणू लागले. मला राग आला नाही. गिरणी सुटल्यापासून मला कुणी काहीच म्हणत नव्हतं.

मी तिथे काही वर्षं काम केलं. वैशाखात टोपल्या चाळीत पोचवायच्या त्या मीच. त्यामुळे चाळीला वाटे, तिकडचं खरं-खोटं मला माहीत. मावशीला वाटे, चाळीची तोंडं मी सांभाळतो. दोन्हीकडे मान होता, आणि खरं सांगायचं तर तो मला फार गोड लागत होता.

पण एक खोड गेली नव्हती. गिरणी सुरू होणार अशी बातमी उठली की मी गेटावर जायचो. माझ्यासारखे पुष्कळ होते. कुणीतरी म्हणे, नवीन मालक आलाय, जुन्या माणसांची नावं घेतायत. आम्ही बंद गेटासमोर उभे राहायचो, आतल्या पहारेकऱ्याला विचारायचो, तो हात हलवायचा, आम्ही परत फिरायचो. याचा बायकोला वीट आला होता. एकदा तिनं मला तिच्या आईची शपथ घ्यायला लावली, की पुन्हा त्या गेटावर जायचं नाही. मी घेतली.

त्या साली चैत्रात वलांड्या भरगच्च होत्या. बोंबील खूप लागले होते आणि मावशीनं चाळीच्या शब्दापेक्षाही जास्त माल उचलला होता. एका दुपारी ती ओल्या मासळीच्या सौद्यासाठी बंदरावर जायला निघाली. जाताना म्हणाली, "गाठवाल्या, लक्ष ठेव. मांजरं फार झालीत." पावसाचं ती काही बोलली नाही. बोलायचं कारणच नव्हतं. चैत्रात मुंबईत पाऊस पडत नाही, हे आम्हाला सूर्य कुठे उगवतो तितकं ठाऊक होतं. ताडपत्री माळ्यावर गुंडाळून ठेवलेली होती, ती ज्येष्ठात काढायची.

ती गेल्यावर थोड्या वेळानं गिरणीतला एक जुना सोबती मला शोधत आला. म्हणाला, "चल लवकर, आज साहेब स्वतः येतोय. नावं घेतायत." मी वलांड्यांकडे बघितलं. मांजरांना शेजारीण हाकलेल असं मनाशी म्हटलं आणि गेलो.

परळला ऊन रखरखत होतं. गेटावर पन्नासभर माणसं उभी होती. साहेब आला नाही. पहारेकरी म्हणाला, कुणी सांगितलं तुम्हाला? आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. मी परत वरळीला पोचलो तेव्हा संध्याकाळ व्हायला आली होती, आणि कोळीवाड्याच्या गल्लीत पाणी साचलेलं होतं.

आधी मला वाटलं, नळ फुटला. मग पागोळ्या दिसल्या. घरामागे गेलो. वलांड्यांवरचे बोंबील भिजून फुगले होते, जोड्या सुटून खाली चिखलात पडल्या होत्या. जवळा पसरला होता तिथे नुसता लालसर गाळ होता. मावशी डोक्यापासून भिजलेली, ताडपत्रीचं एक टोक धरून ओढत होती. पाऊस थांबून गेला होता, तरी ती ओढत होती.

माझ्याकडे बघून तिनं एवढंच विचारलं, "कुठं होतास?"

"बायकोला ताप आला," मी म्हटलं. "निरोप आला म्हणून घरी गेलो."

"कसा हाय ताप?"

"उतरला."

"बरं झालं," ती म्हणाली आणि ताडपत्रीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं.

आम्ही नंतर तो माल पुन्हा उन्हात घातला. पण एकदा भिजलेला बोंबील पुन्हा सुकत नाही, तो काळवंडतो. त्याला वास येतो, आत अळी होते. त्यातला बरा निवडून टोपल्या भरल्या, त्या निम्म्याही झाल्या नाहीत. मावशी म्हणाली, "आभाळाचं हाय. सांगू तसं." तिला काळजी वाटत नव्हती. रीत होती ना.

वैशाखात आम्ही दोघं चाळीत गेलो. टोपल्या तळमजल्यावर उतरवल्या. बायका जमल्या. काकींनी एक बोंबील उचलला, मोडून बघितला, नाकाशी नेला.

"ह्या काय?" त्यांनी विचारलं.

"पाऊस पडला चैत्रात. सगळं भिजलं," मावशी म्हणाली. "आभाळाचं हाय, काकी. वाटून घ्या, जमेल तेवढं."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. एक जण म्हणाली, "चैत्रात पाऊस? आम्ही काय मुंबईत राहत नाही?" दुसरी म्हणाली, "माझे पापड तेव्हा गच्चीवर होते. एक थेंब पडला नाही." हे खरंच होतं. लालबागला त्या दिवशी थेंब पडला नव्हता. तिसरी जरा खालच्या आवाजात म्हणाली, "जुनं काढलंय माळ्यावरचं."

मावशीचा चेहरा बदलला. "मी खोटं बोलते?"

काकी तोंडाळ होत्या, पण अन्यायी नव्हत्या. त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि माझ्याकडे वळल्या. "झिला, तू थंयच असतंस. पाऊस पडलो काय? खरा सांग."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मावशीनं पण. तिच्या चेहऱ्यावरची काळजी तेव्हा गेली होती. आता हा सांगेल, असं त्यावर स्वच्छ दिसत होतं. माझी बायको पिठाचे हात तसेच घेऊन खानावळीच्या दारात उभी होती.

मी 'हो' म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न होता, मग तू झाकलं का नाहीस? आणि मावशी सहज म्हणाली असती, त्याच्या बायकोला ताप होता ना. बायको म्हणाली असती, मला कधी ताप होता? आणि मग गेट, आणि तिच्या आईची शपथ. हे सगळं मला एका क्षणात दिसलं.

मी म्हटलं, "मी तर काही पाऊस बघितला नाही."

या वाक्यात एकही अक्षर खोटं नव्हतं. पाऊस पडत होता तेव्हा मी परळला होतो, उन्हात. पुढे कित्येक वर्षं मी याच गोष्टीच्या आडोशाला बसून राहिलो. मी खोटं बोललो नाही, विचारलं त्याचं उत्तर दिलं.

काकींनी हातातला बोंबील टोपलीत टाकला. "हाताचा," त्या म्हणाल्या.

मावशी माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, ती आता शिव्या देईल. कोळणीची जीभ काय असते ते लालबागला सांगायला नको. पण तिनं टोपली उचलली, चुंबळ डोक्यावर नीट केली आणि म्हणाली, "तुमचा शब्द पुरा करीन मी." आणि गेली. मी तिच्या मागे गेलो नाही.

आगोटीच्या आत तिनं माल आणला. हमाल आला होता टोपल्या घेऊन, ती जिन्याखाली उभी होती. सगळा माल दुसऱ्या गावच्या कोळणींकडून विकत घेतलेला, लांब, पांढरे, कडक वाळलेले बोंबील. इतका चांगला माल तिनंही त्याआधी कधी आणला नव्हता. तिच्या हातांत पाटल्या नव्हत्या. कोळणीच्या हातातल्या पाटल्या म्हणजे तिची होडी, तिचं घर, तिचं म्हातारपण. हे चाळीतल्या बायकांना दिसलं असेल की नाही, ठाऊक नाही. मला दिसलं. मी गॅलरीत उभा होतो, मी आत गेलो.

पुढच्या शिमग्याला ती आली नाही. चाळीनं दुसऱ्या एका माणसाकडून माल घ्यायला सुरुवात केली. त्याला आभाळ आणि हात असलं काही ठाऊक नव्हतं. पैसे द्या, माल घ्या. मी कोळीवाड्यात जाणं सोडलं. बायकोला सांगितलं, काम संपलं. पुढे एका कचेरीत शिपायाचं काम मिळालं.

मला वाटे, तो एक चुकार पाऊस होता. परत थोडाच येणार? पण दोन-तीन वर्षांनी फाल्गुनात आला. मग कार्तिकात, ऐन सुकवणीच्या हंगामात, दिवसच्या दिवस. नंतर नंतर तर कुठला महिना कोरडा धरावा तेच कळेना. वैशाखात वादळं येऊ लागली. होड्या काठाला बांधून ठेवा अशी सूचना निघायची, आणि ज्या दिवशी जाऊ द्यायचे त्या दिवशी दर्यात मासळी नसायची. हे मला पेपरातून कळायचं. वरळीचं नाव दिसलं की मी ते पान उलटायचो, आणि मग पुन्हा मागे घ्यायचो.

आता टीव्हीवर शिकलेली माणसं सांगतात की जगाची हवा तापली आहे. धूर कुणी केला आणि भोगतंय कोण, यावर मोठमोठ्या देशांच्या बैठका होतात, नुकसान कुणी भरून द्यायचं यावर भांडणं होतात. ती ऐकताना मला काकींच्या खानावळीचं दार दिसतं. आमच्याही गिरण्यांच्या चिमण्या धूर ओकत होत्याच, आणि तो धूर दिसला की आम्हाला बरं वाटायचं. पण जे भिजतं ते कुणी भरायचं याचा निवाडा आमच्याकडे होता, आणि ज्या वर्षांपासून तो खरा कामाला यायचा होता, नेमका तेव्हाच तो मोडला.

एका चैत्रात लालबागलाही पाऊस आला. काकी तेव्हा अंथरुणाला खिळल्या होत्या. मी त्यांना बघायला गेलो होतो. खिडकीच्या पत्र्यावर आवाज सुरू झाला तशी त्यांनी मान वळवली. बराच वेळ ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "झिला, ह्यो चैत्रच मां?"

"हो, काकी."

"मगे ती कोळीण खरा सांगत होती काय रे?"

खोलीत आम्ही दोघंच होतो. बायको जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती, तिच्या आईच्या शपथेला आता कोण विचारणार होतं? तरी मी म्हटलं, "कोण जाणे." पहिल्या वेळी मला भीती तरी होती. या वेळी नुसती सवय होती. काकी त्याच महिन्यात गेल्या.

त्यानंतर मी कोळीवाड्यात गेलो. जायला पुन्हा एक पावसाळा लावला, तेही लिहून ठेवतो. मावशीचं घर सापडलं. घरामागे वलांड्या नव्हत्या, मोटारसायकली लावलेल्या होत्या. सुनेनं दार उघडलं. तिच्या अंगावर साफसफाईच्या कंपनीचा निळा कोट होता. गिरणीच्या जागेवर जे उंच टॉवर झाले आहेत त्यांतल्या एकात ती लाद्या पुसायला जाते. मुलानं घेतलेली होडी विकून झाली होती. मुलगा दुसऱ्याची गाडी चालवतो.

मावशी खाटेवर बसली होती. डोळ्यांनी कमी दिसत होतं. मी म्हटलं, "मावशी, मी लालबागचा."

"गाठवाला," ती म्हणाली. लगेच.

मी उभ्यानंच सगळं सांगितलं. ताप नव्हता, मी गेटावर गेलो होतो, मी पाऊस बघितला नाही म्हटलं ते कसं म्हटलं. ती ऐकत होती. मी थांबल्यावर तिनं विचारलं, "मंग चालू झाली का गिरणी त्या दिवशी?"

सून आतून हसली.

"मी असतो तर झाकलं असतं, मावशी."

"काय झाकलं असतंस? केवढ्या वलांड्या, ताडपत्री एक. ती पण माळ्यावर." तिनं हातानं ते उडवून लावलं. "गेलास ते गेलास. त्यानं मासळी नाय गेली. आणि त्या एका सालानं माझा धंदा बसला असं तुला वाटतं? नंतर दर साली भिजली. दर साली काय तू पळून गेला होतास?"

क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं. ते तिच्या लक्षात आलं असावं. ती पुढे वाकली.

"पन दर साली मी एकटी भिजले. चाळ होती तर वाटून गेलं असतं. दोन साल, चार साल, तग धरला असता. व्यापारी काय, माल भिजला म्हटलं की पाव भावात उचलतो. त्याला म्हणते, आभाळाचं हाय. तो म्हणतो, मावशी, आभाळाकडून घे."

"माफ कर," मी म्हटलं.

"मला काय सांगतोस? मला माहीत हाय पाऊस पडला. मी भिजले त्यात. चाळीत सांग."

चाळ आता नाही. तिच्या जागी इमारत झाली आहे, त्यात मी राहतो आणि मोजकी जुनी घरं. बाकीचे कुठे कुठे गेले. मी इमारतीतल्या जुन्यांना एकेकाला सांगितलं. एक म्हणाला, कुठली कोळीण? एकानं खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, सोडून द्या, वय झालं आता. मग मी काकींच्या सुनेचा नंबर मिळवला. ती नालासोपाऱ्याला तळमजल्यावर राहते. वैशाखात टोपल्या उतरल्या तेव्हा ती काकींच्या मागे उभी होती, नवी नवरी.

फोनवर आधी तिनं तिचंच सांगितलं. गेल्या पावसात घरात कमरेएवढं पाणी आलं, फ्रीज गेला, गादी गेली, यंदाही येईल असं म्हणतात. कुणी विचारायला येत नाही. मी ऐकून घेतलं. मग म्हटलं, "वहिनी, ती कोळीण खरं सांगत होती. त्या चैत्रात वरळीला पाऊस पडला होता. मला माहीत होतं."



"भावजी, मग नंतर ते बोंबील आणले तिनं," ती म्हणाली, "ते कुठून आणले?"

"पाटल्या विकून."

पलीकडे कुणीतरी बादली सरकवल्याचा आवाज आला. तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला असावा.

"सगळा पावसाळा खाल्ले आम्ही," ती म्हणाली. "सासूबाई म्हणायच्या, बघ, दमात घेतलं तसा कसा चांगला माल निघाला." मग तिनं विचारलं, "चांगले होते ना ओ ते?"

"हो," मी म्हटलं. "चांगले होते."